दुपारी दीडचा डॉलर: रेफरन्स रेटची सेवा, कांद्याच्या हिशोबातून पाहिलेली

निफाड तालुक्यातल्या एका कांदा निर्यातदाराकडे मी हिशोब सांभाळते. आमचा माल दुबई, कोलंबो, पोर्ट क्लांगला जातो. पैसे येतात डॉलरमध्ये, आणि लिलावातल्या शेतकऱ्याला, खळ्यावर प्रतवारी करणाऱ्या बायांना, जेएनपीटीला कंटेनर नेणाऱ्या गाडीवाल्याला द्यायचे असतात रुपये. मधे असतो डॉलरचा भाव. तो आपल्याला नेमका किती मिळाला आणि किती मिळायला हवा होता, हे ज्याला कळलं नाही त्याचा नफा कुठे गेला हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया, म्हणजे एफबीआयएल, ही संस्था रोज दुपारी दीडच्या सुमारास डॉलरचा रेफरन्स रेट, म्हणजे तुलना करायला धरायचा भाव, जाहीर करते. ही सेवा मी वर्षानुवर्षं वापरते आहे. फुकट आहे, आणि तरी डॉलरशी रोजचा संबंध असलेल्या कितीतरी लोकांना ती आहे हेच माहीत नसतं. म्हणून हे परीक्षण.

आधी हा आकडा तयार कसा होतो ते सांगते, कारण माझा त्यावर विश्वास बसला तो त्यामुळेच. पूर्वी हे काम रिझर्व्ह बँक स्वतः करायची. मुंबईतल्या काही निवडक बँकांकडून दुपारचे भाव घ्यायचे आणि त्यावरून दर काढायचा, अशी पद्धत होती. १० जुलै २०१८ पासून हे काम एफबीआयएलकडे आलं आणि पद्धतही बदलली. आता भाव विचारत नाहीत, झालेले सौदे मोजतात. सकाळी साडेअकरा ते दुपारी साडेबारा या तासातली कुठलीतरी पंधरा मिनिटं निवडली जातात. कोणती, ते आधी कुणालाच ठाऊक नसतं. त्या पंधरा मिनिटांत बाजारात डॉलर-रुपयाचे जे प्रत्यक्ष व्यवहार झाले, त्यांची रकमेच्या प्रमाणात सरासरी काढतात. ‘मी अमुक भावाने घेईन’ असं नुसतं बोलणाऱ्याला इथे किंमत नाही; ज्याने घेतले आणि ज्याने दिले त्यांचाच आकडा धरतात. दर चार दशांशांपर्यंत येतो, सोबत पौंड, युरो आणि येनचाही असतो. शनिवार-रविवारी आणि मुंबईच्या बँकांना सुट्टी असेल त्या दिवशी नसतो.

याचं आमच्यासारख्यांना काय, हे लासलगाव-पिंपळगावकडच्या माणसाला समजावून सांगायला सोपं आहे. बाजार समितीत जाणारा जाणता शेतकरी वाटेतच एखाद्या दुसऱ्या भुईकाट्यावर ट्रॅक्टरचं वजन करून घेतो आणि पावती खिशात ठेवतो. पुढे व्यापाऱ्याच्या काट्यावर फरक निघाला, तर बोलायला हातात काहीतरी असतं. रेफरन्स रेट म्हणजे मला ती खिशातली पावती वाटते.

आता प्रत्यक्षात ती कशी कामाला आली ते सांगते. चाळीस फुटी रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या, कंटेनरमध्ये साधारण २९ टन कांदा बसतो. टनाला ४०० डॉलर भाव धरला तर कंटेनरचे झाले ११,६०० डॉलर. पूर्वी आमचं खातं एका बँकेत होतं. पैसे आले की बँकेची अ‍ॅडव्हाइस यायची. त्या कागदावर रक्कम, लावलेला दर, कमिशन, जीएसटी असे रकाने असतात. अण्णा, म्हणजे आमचे शेठ, नेहमी कमिशनचा रकाना बघायचे, तिथे पाच-सातशे रुपये दिसायचे, आणि कागद बाजूला जायचा. दराच्या रकान्याकडे कुणी बघत नव्हतं, कारण त्याची तुलना कशाशी करायची हेच माहीत नव्हतं. टीव्हीवर दिसणारा भाव रात्रीचा असतो, मोबाइलवर शोधलं तर जगाच्या बाजारातला कुठल्या तरी मिनिटाचा असतो. बँकेचा माणूस म्हणणारच की तो आमचा नव्हे.

मग मी एका वहीत चार रकाने आखले: तारीख, बँकेने लावलेला दर, त्या दिवशीचा रेफरन्स रेट, आणि फरक पैशांत. दोन महिन्यांत चित्र स्पष्ट झालं. फरक कधी ५५ पैसे, कधी ६०, एकदा तर ७० च्या वर. ६० पैसे ऐकायला काहीच वाटत नाही. पण ११,६०० डॉलरवर ते होतात ६,९६० रुपये, एका कंटेनरमागे. कांद्याच्या धंद्यात भाव घट्ट असतो त्या दिवसांत एका कंटेनरवर निव्वळ सुटतं किती, हे ज्याला माहीत आहे त्याला हा आकडा किती मोठा आहे ते सांगावं लागणार नाही. आणि तो कमिशनच्या रकान्यात कुठेच लिहिलेला नव्हता.

वही घेऊन अण्णा आणि मी शाखेत गेलो. अधिकारी सभ्य होते. म्हणाले, “ताई, हा आमचा कार्ड रेट आहे, सकाळी मुंबईहून येतो, सगळ्यांना तोच.” कार्ड रेट म्हणजे बँक सकाळी जो तक्ता जाहीर करते तो. दिवसभरात भाव हलला तर आपल्याला तोटा होऊ नये म्हणून त्यात बँक आधीच भरपूर जागा धरून ठेवते. मी विचारलं, “आमचा सौदा ट्रेझरीला फोन लावून चालू भावाने करता येईल का, आणि त्यावर तुमचं मार्जिन किती पैसे ते लेखी द्याल का?” ट्रेझरी म्हणजे बँकेचा परकीय चलनाची खरेदी-विक्री करणारा विभाग. करता येत होतं. आधी कुणी मागितलं नव्हतं, एवढंच. मार्जिन ठरलं १२ पैसे. पुढे आम्ही दुसऱ्या बँकेत गेलो ती वेगळ्या कारणाने, पण तिथेही पहिल्या दिवशी वही टेबलावर ठेवली आणि बोलणी तिथूनच सुरू झाली.

मात्र ही पावती वापरायची तर तिच्या मर्यादा समजून घ्याव्या लागतात. पहिली गोष्ट, हा दर दिवसातून एकदाच येतो. बाजार सकाळी ९ ते दुपारी साडेतीनपर्यंत चालू असतो आणि दर हलत राहतो. २८ ऑगस्ट २०१३ ला, रुपया त्या वर्षी सर्वांत जास्त कोसळला त्या दिवशी, रेफरन्स रेट होता ६८.३६, पण दिवसभरात बाजारातला भाव त्याहूनही वर जाऊन आला होता. तुमचे पैसे दुपारी तीनला बदलले असतील तर दीडच्या आकड्यावरून बँकेला चोर म्हणणं बरोबर नाही. एका दिवसाचा फरक बघूच नये. दोन-तीन महिन्यांची सरासरी बघावी, चढउतार एकमेकांत जिरतात आणि उरतो तो बँकेचा खरा वाटा. दुसरी गोष्ट, हा स्पॉट दर आहे, म्हणजे दोन कामकाजाच्या दिवसांनी हिशोब पुरा होणाऱ्या सौद्याचा. आज आलेले पैसे आजच खात्यात हवे असतील तर त्यात काही पैसे कमी मिळतात, आणि ते रास्त आहे. तिसरी गोष्ट, या दराने तुम्हाला कुणीही डॉलर देणार नाही की घेणार नाही. हा मोजायचा दर आहे, सौद्याचा नव्हे.

या सेवेचा मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे जुने दर. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर रेफरन्स रेटचं आर्काइव्ह आहे. या तारखेपासून त्या तारखेपर्यंत असं भरायचं, चलन निवडायचं, तक्ता समोर. हिशोबनीसाला ३१ मार्चचा दर लागतोच, कारण वर्षअखेरीला बाहेरचं येणं-देणं त्या दिवशीच्या भावाने मांडायचं असतं. ३१ मार्चला सुट्टी असली तर आधीचा कामकाजाचा दिवस: २०२४ ला ३१ मार्चला रविवार होता आणि त्याआधी गुड फ्रायडे, म्हणून २८ तारीख, २०२५ ला रमझान ईद, पुन्हा २८ तारीख. असे माझ्या वहीत एकाखाली एक उतरवलेले वर्षअखेरचे दर आहेत. २०१३ ला ५४.३९. २०१४ ला ६०.१०. २०१५ ला ६२.५९. २०१६ ला ६६.३३. २०१७ ला ६४.८४. २०१८ ला ६५.०४. २०१९ ला ६९.१७. २०२० ला ७५.३९. २०२१ ला ७३.५०. २०२२ ला ७५.८१. २०२३ ला ८२.२२. २०२४ ला ८३.३७. २०२५ ला ८५.५८.

हा तक्ता मी ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक नव्या निर्यातदाराला दाखवते, आणि २०१७ आणि २०२१ या दोन ओळींवर बोट ठेवते. “डॉलर वाढतच जाणार, पैसे येऊ देत उशिरा,” असं म्हणणारे खूप भेटतात. एकूण दिशा वरचीच आहे हे खरं. पण मार्च २०१६ ला ६६ रुपयांचा हिशोब धरून पुढच्या मार्चपर्यंत थांबलेल्याला ६५ सुद्धा मिळाले नाहीत. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या घबराटीत डॉलर ७५-७६ वर गेला, वर्षभराने तो ७३.५० होता. दुसरीकडे मार्च २०२२ ते मार्च २०२३ या एकाच वर्षात युक्रेनचं युद्ध, तेलाचे भाव आणि अमेरिकेने भराभर वाढवलेले व्याजदर यांनी सहा रुपयांहून जास्त फरक पाडला. २०२५ च्या डिसेंबरात तर डॉलरने नव्वदीही ओलांडली. कांदा आज घेतला, पैसे साठ दिवसांनी येणार, अशा धंद्यात या चढउतारांवर अंदाज बांधून बसणं म्हणजे कांद्याचा धंदा सोडून डॉलरचा धंदा करणं. माल बोटीवर चढला की निदान अर्ध्या रकमेचा फॉरवर्ड बुक करावा, म्हणजे पुढच्या तारखेला मिळायचा डॉलरचा भाव आजच ठरवून टाकावा, या मताची मी आहे, आणि अण्णांशी माझा यावर अजून वाद होतो.

फार जुन्या काळासाठी मात्र हे आर्काइव्ह पुरत नाही. तिथे रिझर्व्ह बँकेचं ‘हँडबुक ऑफ स्टॅटिस्टिक्स’ उघडावं लागतं. त्यात आर्थिक वर्षांच्या सरासरीचा तक्ता आहे. दर वर्षी १५ ऑगस्टला फिरणारा तो मेसेज तुम्हालाही आलाच असेल, की १९४७ ला एक रुपया म्हणजे एक डॉलर होता. तो खरा नाही. तेव्हा रुपया पौंडाला बांधलेला होता आणि त्या हिशोबाने डॉलर पडायचा सव्वातीन रुपयांच्या वर. १९४९ ला ब्रिटनने पौंडाचं अवमूल्यन केलं, आपणही सोबत गेलो, आणि डॉलर झाला ४ रुपये ७६ पैसे. तिथे तो तब्बल सतरा वर्षं थांबला. ६ जून १९६६ ला इंदिरा गांधींच्या सरकारने तो एकदम साडेसात रुपयांवर नेला. दुष्काळ, दोन युद्धं आणि परकीय मदतीवर आलेली वेळ, अशा सगळ्या अडचणीतून तो निर्णय झाला होता.

१९९१ तर आमच्या पिढीच्या आठवणीतलं आहे. देशाकडे जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरता डॉलर उरला होता. जुलैच्या १ तारखेला आणि मग ३ तारखेला, अशा दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर साधारण २१ वरून २६ च्या घरात गेला, आणि त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे तारण ठेवायला पाठवलं. हँडबुकच्या तक्त्यात १९९०-९१ ची सरासरी १७.९४ आहे, पुढच्या वर्षीची २४.४७. एवढी मोठी उडी त्या रकान्यात दुसरीकडे सापडणार नाही. मार्च १९९३ पासून दर बाजारावर सोडला. तेव्हापासूनच रोजचा दर रोज बघण्यात अर्थ आला.

निर्यातदारांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रेफरन्स रेट सगळीकडे चालत नाही. शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीसाठी सीमाशुल्क खात्याकडे भरायच्या कागदावर, त्या खात्याने जाहीर केलेला दर लागतो, तो पंधरवड्याने बदलतो आणि त्यात आयातीचा आणि निर्यातीचा असे दोन वेगळे आकडे असतात. मालाच्या जीएसटीलाही तोच. परदेशातल्या उत्पन्नावर प्राप्तिकर मोजायचा तर स्टेट बँकेचा टीटी बायिंग दर, म्हणजे परदेशातून खात्यावर आलेले डॉलर ती ज्या भावाने घेते तो, बघतात. आमच्याकडे नवा मुलगा कामाला आला की हे तीन दर तीन रंगांनी लिहायला शिकवते. ‘हा तर सरकारी दर आहे’ म्हणून रेफरन्स रेट सगळीकडे भरून टाकणारे पाहिले आहेत, आणि मग नोटिशीला उत्तरं देत बसावं लागतं.

कांद्यात तर दराचं महत्त्व मधल्या काळात फारच वाढलं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सरकारने टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य लावलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली, आणि ४ मे २०२४ ला बंदी उठवली ती ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्कासह. त्या दिवशी फोनवर फोन आले, “ताई, किलोला किती पडला?” ५५० डॉलर म्हणजे तेव्हाच्या ८३.४० च्या आसपासच्या दराने किलोला जवळपास ४६ रुपये, आणि शुल्क धरून ७७० डॉलर, म्हणजे ६४ रुपये. एवढ्या महाग कांद्याला गिऱ्हाईक कुठून आणायचं? सरकारी नियम डॉलरमध्ये, शेतकऱ्याचा भाव क्विंटलला रुपयांत, आणि मधला आकडा ज्याच्याकडे तयार त्यालाच सौदा करायचा की नाही हे लवकर ठरवता येत होतं. सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं, १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आणि नुसता आपला रुपया बघून भागत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये श्रीलंकेच्या मध्यवर्ती बँकेने त्यांचा रुपया मोकळा सोडला, आणि दोनशेच्या आसपास असलेला डॉलर मे महिन्यापर्यंत ३६० च्या घरात गेला. आमच्या कोलंबोच्या गिऱ्हाइकाला कांदा हवा होता, त्याच्याकडे पैसेही होते, पण त्याच्या बँकेकडे द्यायला डॉलर नव्हते. पाकिस्तानात २०२३ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला डॉलर तीनशेच्या पुढे होता. दुबईतला व्यापारी नाशिकचा आणि कराचीचा भाव शेजारी ठेवून बघतो. तिथला रुपया आपल्यापेक्षा जास्त पडला की त्यांचा कांदा डॉलरमध्ये आपोआप स्वस्त दिसतो. म्हणून मी रेफरन्स रेटसोबत त्या दोन्ही देशांच्या मध्यवर्ती बँकांचे दरही उघडते. त्याही ते रोज आपापल्या संकेतस्थळावर टाकतात.

निर्यात करत नसलेल्यांनाही ही सेवा लागते. आमच्या गल्लीतल्या एका शिक्षक दांपत्याचा मुलगा अमेरिकेत शिकायला गेला. वीस हजार डॉलर फी पाठवायची होती. एका एजंटाने सांगितलं, ‘शून्य कमिशन’. मी दर विचारायला सांगितला. तो त्या दिवशीच्या रेफरन्स रेटपेक्षा १ रुपया ४० पैशांनी वर होता, म्हणजे २८,००० रुपये. दुसरीकडे विचारलं तर ४५ पैसे, म्हणजे ९,०००. जीएसटी दोन्हीकडे सारखाच, इतक्या रकमेला हजार-बाराशेच्या आसपास. राहिला प्रश्न टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ कापल्या जाणाऱ्या कराचा: २०२५-२६ च्या नियमांनुसार स्वतःच्या पैशातून शिक्षणासाठी वर्षाला दहा लाखांच्या वर पाठवलं तर वरच्या रकमेवर ५ टक्के कापायचे, पण ते प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळते करून मिळतात. एजंट बोलताना दर, जीएसटी आणि टीसीएस सगळं एकत्र कालवून एकच मोठा आकडा सांगतात, तिथे सरांनी तीन वेगळे आकडे कागदावर लिहून मागितले आणि एकोणीस हजार वाचले. मुलाच्या दोन-तीन आठवड्यांच्या किराण्याची सोय झाली असेल त्यात.

पाचपैकी मी साडेचार गुण देते. अर्धा कापला तो दिवसातून एकच दर असतो म्हणून. बाजार बंद होतानाचा आणखी एक दर याच पद्धतीने काढून दिला, तर दुपारनंतर पैसे बदलणाऱ्या लहान निर्यातदाराला बँकेशी बोलताना फार मोठा आधार होईल. पहिल्यांदा वापरणाऱ्यांनी मागच्या सहा महिन्यांच्या बँक अ‍ॅडव्हाइस काढाव्यात, प्रत्येकीवर पेन्सिलीने त्या दिवशीचा रेफरन्स रेट लिहावा आणि फरक पैशांत मांडावा. निर्यातदाराच्या बाबतीत सरासरी २०-२५ पैशांच्या आत असेल तर बँक ठीक वागते आहे असं समजावं. त्याच्या वर असेल तर शाखेत जाऊन ट्रेझरीच्या भावावर मार्जिन लेखी मागावं, आणि जाताना ते कागद सोबत न्यावेत.